घरी शिकणारी मुले आणि घराची घडी: खेड्यातील नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे ठरवणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा पुस्तकांचा असतो. कोणती घ्यावीत, कुठून आणावीत, इंग्रजी आणि गणित कोण शिकवणार, असे तो पुढे वाढत जातो. चार वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात आम्ही हा मार्ग धरला तेव्हा माझाही प्रश्न तोच होता. मुलगी गावातील शाळेतून चौथी उत्तीर्ण झाली होती, पाचवीची शाळा अकरा किलोमीटरवर होती आणि जाण्यायेण्यात तिचे रोजचे तीन तास जाणार होते. धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुस्तके आणली, भिंतीवर फळा ठोकला, पण चूल, गोठा, वावर, सासूबाईंची औषधे, पाहुणे आणि नळ येण्याचा दिवस या सगळ्यांत अभ्यासाला हक्काची वेळच नव्हती. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सलग तीन दिवस अभ्यास झाल्याचे माझ्या वहीत एकदाही नोंदलेले नाही.

त्यानंतर ओळखीच्या आणखी चार-पाच घरांत हेच घडताना पाहिले. शिकवता येत नव्हते म्हणून कोणी थांबले नाही. घरातील कामांचा गुंता सुटला नाही म्हणून थांबले. त्यामुळे या लेखात अभ्यासक्रमाविषयी थोडे आणि घराच्या घडीविषयी अधिक लिहिले आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पहिली पायरी: घरातील मोठ्यांशी बोलणे

एकत्र कुटुंबात मुलांच्या शिक्षणाचा निर्णय केवळ आईवडिलांचा राहत नाही, आणि तो तसा ठेवण्याचा प्रयत्न केला तर रोजच्या रोज कुरबुर सुरू होते. आमच्या सासूबाईंचा आक्षेप अगदी सरळ होता. "सोयरे इचारतीन, पोरगी कितवी शिकली, तं म्या काय सांगू?" असे त्या म्हणाल्या. या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागची काळजी खरी असते. मुलगी दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाकडून देणार, कोणत्या वर्षी देणार आणि तिच्या हातात कोणते प्रमाणपत्र येणार, हे त्यांना कागद दाखवून सांगितले तेव्हाच त्यांचे मन थोडे स्थिर झाले.

या बोलण्यात तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. प्रयोग किती काळाचा आहे, हे आधी ठरवावे. आम्ही एक वर्ष म्हटले आणि दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बसून ठरवण्याचे मान्य केले. दुसरे म्हणजे, सकाळच्या कोणत्या वेळी आईला कोणी हाक मारायची नाही, हे सर्वांच्या समोर ठरावे. तिसरी गोष्ट बोलायला अवघड असते, पण टाळू नये: आईच्या वाट्याची कोणती कामे दुसऱ्या कोणी उचलायची. घरी शिकवण्याचा भार जवळजवळ नेहमी आईवर येतो आणि तिची आधीची कामे मात्र एकही कमी होत नाहीत. आमच्याकडे गोठ्याची सकाळची झाडलोट मुलांच्या बाबांनी घेतली आणि भाजी निवडणे सासूबाईंनी घेतले. या दोन कामांतून माझा सकाळचा जवळजवळ सव्वा तास मोकळा झाला. हा सव्वा तास मिळाला नसता तर पुढचे काहीच उभे राहिले नसते.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि कायद्याची बाजू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे १० वे कलम सांगते. पालकांसाठी शिक्षेची तरतूद त्यात नाही, आणि घरी शिकवण्याला स्पष्ट मान्यता देणारे कलमही नाही. ही स्थिती नीट समजून घेऊनच पाऊल टाकावे. याच कायद्याच्या ४ थ्या कलमाने शाळेबाहेर राहिलेल्या बालकाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क दिला आहे, म्हणजे आठवीच्या वयापर्यंत परतीचा रस्ता खुला असतो.

गावोगाव शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण होते आणि त्यात आपल्या मुलाचे नाव येणे स्वाभाविक आहे. गुरुजी किंवा बाई घरी आल्या तर त्यांना अंगणातूनच परत पाठवू नये. त्यांना बसवावे, चहा द्यावा, मुलांच्या वह्या दाखवाव्यात, आणि आपण काय करतो ते शांतपणे सांगावे. ते त्यांचे काम करत असतात. आमच्या गावातील गुरुजींशी आमचे संबंध या चार वर्षांत अधिकच चांगले झाले, आणि अपूर्णांकांच्या बाबतीत मी अडले तेव्हा त्यांनीच मला कागदाच्या पट्ट्यांची युक्ती दाखवली.

एका जाड फाइलमध्ये जन्माचा दाखला, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स प्रती ठेवाव्यात. सर्व कागदांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का, हे पहिल्याच महिन्यात तपासावे. आमच्या मुलीच्या एका कागदावर नावात वेलांटीचा फरक होता आणि तो दुरुस्त करायला तालुक्याच्या तीन खेपा झाल्या. दहावीच्या अर्जाच्या वेळी हे लक्षात आले असते तर वर्ष हातचे गेले असते. ज्यांना जातीचा दाखला आणि पुढे जात पडताळणी लागणार आहे, त्यांनी आजोबा-पणजोबांचे शाळेचे व महसुली कागद आत्ताच शोधून त्याच फाइलमध्ये लावावेत.

दहावीसाठी मार्ग अनेक आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था म्हणजे एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था असून तिची दहावी वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास हा अभ्यासक्रम पेलण्याइतके आपण शिकलो आहोत, असे स्वयंघोषणापत्र चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास होतात, उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात आणि नोंदणी पाच वर्षे टिकते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. महाराष्ट्राचे स्वतःचे राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे आणि त्याच्या पाचवी, आठवी, दहावी व बारावीच्या परीक्षा असतात. राज्य मंडळाची नेहमीची दहावी खाजगीरीत्या देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. आमची मुलगी चौथीनंतर बाहेर पडल्यामुळे आम्ही एनआयओएसचा मार्ग धरला आहे.

काय गमावणार, तेही आधीच कागदावर लिहून काढावे. शालेय पोषण आहार, मोफत पाठ्यपुस्तके व गणवेश, शाळेमार्फत भरली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा, हे सर्व सुटते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. मूल हुशार असेल आणि नवोदयचे दार उघडे ठेवायचे असेल तर पाचवीपर्यंत शाळा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: दिवसाचे घड्याळ

अभ्यासाची वेळ ठरवण्याआधी एक आठवडा फक्त नोंद करावी. कोण किती वाजता उठते, पाणी कधी भरले जाते, स्वयंपाक किती वेळ चालतो, नळ कोणत्या दिवशी येतो, दूध कधी काढले जाते, वीज कधी असते, हे सगळे आहे तसे लिहावे. आठवड्याच्या शेवटी त्या कागदाकडे पाहिले की रिकामी जागा आपोआप दिसते. आमच्या कागदावर ती सकाळी सव्वासात ते सव्वानऊ अशी दिसली, आणि चार वर्षांत तिच्यात उन्हाळा वगळता बदल झालेला नाही.

दोन तास ऐकल्यावर अनेकांना ते अपुरे वाटतात. परंतु शाळेत एका शिक्षकासमोर पंचवीस-तीस मुले असतात, हजेरी, रांगा, तास बदलणे, एकमेकांची वाट पाहणे यांत बराच वेळ जातो. दोन मुलांसमोर बसलेली आई दोन तासांत जे करते ते थोडे नसते. उलट पहिल्या वर्षी पाच-पाच तास बसवण्याचा हट्ट धरलात तर मूल आणि आई दोघेही पोळ्याआधीच थकून जातील.

आमची सकाळ अशी असते. साडेपाचला मी उठते. सहा वाजेपर्यंत वरणाचा कुकर होतो आणि कणीक मळलेली असते, भाकरी मात्र अभ्यासानंतरच टाकते, कारण तव्यासमोरून उठता येत नाही आणि मूल त्याच वेळी शंका विचारते. भाकरीचे पीठ मळून बसलेल्या आईचे लक्ष कधीच पूर्णपणे वहीवर नसते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मुलांची न्याहारी म्हणून रात्रीची भाकर ताकात कुस्करून किंवा पोहे असतात. सात वाजता मुलगा कोंबड्या सोडतो, मुलगी अंगण झाडते, आणि सव्वासातला ओसरीवर सतरंजी पडते. ती सतरंजी पडली की फोन आतल्या खोलीत जातो आणि मोठ्यांपैकी कोणी मला हाक मारत नाही.

वेगवेगळ्या वयांची मुले असतील तर दोघांना एकाच वेळी शिकवण्याचा प्रयत्न करू नये. पहिली चाळीस मिनिटे मी धाकट्याबरोबर बसते आणि त्या वेळी मोठी आपले वाचन किंवा आदल्या दिवशी दिलेली गणिते करते. नंतरची चाळीस मिनिटे मोठीची असतात. धाकटा तेव्हा चित्र काढतो, चिंचोके मोजतो, किंवा आजीजवळ जाऊन बसतो. शेवटचा अर्धा-पाऊण तास तिघांचा एकत्र असतो, आणि त्यात मोठ्याने वाचन चालते. धाकटा वाचायला शिकला तो माझ्या पाठांपेक्षा बहिणीच्या या वाचनामुळे अधिक शिकला, असे मला वाटते.

घरातील प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक विषय सोपवावा आणि तो त्याच्याकडेच राहू द्यावा. आमच्याकडे मराठी व गणित माझ्याकडे आहे, हिशेब आणि मोजमाप बाबांकडे आहे, आणि गोष्टी, भुलाबाईची गाणी, रानभाज्यांची ओळख व नक्षत्रांची नावे आजीकडे आहेत. ज्या सासूबाईंना सोयऱ्यांना काय सांगावे हा प्रश्न पडला होता, त्या आता दुपारी जेवण झाल्यावर नातवाला हाक मारून घेतात. इंग्रजीसाठी आम्हाला बाहेरची मदत लागली. शेजारच्या गावातील बारावी झालेली एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस येते, आणि तिच्या सायकलच्या घंटीची मुले वाट पाहत असतात.

पुस्तकांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. बालभारतीची पहिलीपासूनची सर्व पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, आणि छापील प्रती हव्या असतील तर नागपूर व अमरावती येथे मंडळाची भांडारे आहेत. पुस्तकांवरील क्यूआर कोड दीक्षा ॲपवर वाचला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. घरात एकच फोन असेल तर रात्री रेंज बरी असताना दुसऱ्या दिवशीची चित्रफीत उतरवून ठेवावी आणि ती अभ्यासाच्या शेवटी दाखवावी. सुरुवातीला दाखवली की त्यानंतर वही उघडत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे अंक मिळतील तितके गोळा करावेत.

चौथी पायरी: ऋतू पाहून वर्ष आखणे

शहरातील पालकांनी तयार केलेली वेळापत्रके आमच्याकडे चालत नाहीत, कारण येथे घराचे घड्याळ पिकावर चालते. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. आमचेही वर्ष तेव्हाच सुरू होते. पेरणीच्या आठ-दहा दिवसांत घरात कोणाचे डोके ठिकाणावर नसते, तेव्हा नवा धडा सुरू करू नये. त्यानंतर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये झडी लागते, चार-चार दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, आणि हेच आमचे सर्वांत मोलाचे दिवस असतात. गणितातील अवघड भाग, लांब निबंध, नकाशे, असे सर्व काही मी झडीसाठी राखून ठेवते.

दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी येते आणि दिवाळीपासून कापसाची वेचणी धरते. या काळात अभ्यास एक तासावर आणावा, पण बंद करू नये. बंद केलेला अभ्यास संक्रांतीपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री अशी येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांचे बाबा पहाटे वावरातून येऊन झोपतात, म्हणून ओसरीवरचे मोठ्याने वाचन बंद ठेवून आम्ही त्या आठवड्यात लेखन आणि चित्रे घेतो. पहिल्या वर्षी हे ध्यानात आले नाही, आणि त्या आठवड्यांत घरात उगाच चिडचिड झाली.

एप्रिलपासून अभ्यास सकाळी सहा ते आठ असा करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी अकरानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि पाच-सहा तास सर्व माणसे एका कूलरसमोर असतात. या दुपारींसाठी वेगळी तयारी लागते. शाळेतील मुलांना तेव्हा सुट्या असतात, म्हणून शेजारची चार मुलेही आमच्याकडे येतात. माठाजवळ सतरंजी, पत्ते, सारीपाट, जुने अंक, मातीचा गोळा आणि कुरड्या-सांडग्यांची राखण, एवढ्यावर दुपार निघते. कुरड्यांच्या चिकावर मुलांची नजर असतेच. तो थोडा वाटीत काढून ठेवावा.

पाचवी पायरी: काम शिकवणे आणि राबवणे यांतील रेघ

खेड्यातील गृहशाळेला सर्वांत मोठा धोका येथे आहे. मूल घरी आहे, मजूर मिळत नाहीत, वेचणीचे दर चढे आहेत, आणि हळूहळू ते मूल शेतावरचा एक हात होऊन जाते. हे कोणी ठरवून करत नाही, तरीही घडते. मुलींच्या बाबतीत तेच घरकाम आणि धाकट्या भावंडांच्या रूपाने घडते.

हाताच्या कामातून शिकण्याची कल्पना आमच्या जिल्ह्याला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मातृभाषेतून, उत्पादक हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण द्यावे हा विचार तेथून नई तालीम म्हणून देशभर गेला. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्याच विचाराने चालते. परंतु त्या विचारात सूत कातणारे मूल सुताबद्दल शिकत होते, मोजत होते, प्रश्न विचारत होते. नुसते सूत कातून घेणे हा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

काम शिकण्याचे कसे होते, हे आमच्याकडील एका संध्याकाळीवरून सांगता येईल. मुलगी अकरा वर्षांची असताना वेचणीच्या हंगामात तिच्याकडे वजनाची वही दिली होती. धुऱ्याजवळ बाभळीच्या फांदीला बॅटरीचा काटा टांगलेला, बाया एकेक गाठोडे अडकवीत होत्या, बाबा आकडा वाचत होते आणि ती लिहून घेत होती. दर किलोला दहा रुपये होता. एका मावशींच्या गाठोड्याला काट्यावर १८.५ आले, आणि हिने वहीत लिहिले: अठरा किलो पाच ग्रॅम. पैसे सांगितले एकशे ऐंशी. मावशींनी गाठोड्यावरचा हात तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "अर्धा किलो कुठी गेला वं पोरी?" मुलगी गोंधळली, काट्याकडे पाहत राहिली. बाबांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी तिला आकडा पुन्हा वाचायला लावला. तिने दशांश चिन्हाच्या उजवीकडच्या पाचाकडे बोट दाखवून विचारले, "हे पाच कशाचे आहेत?" मावशींना शाळा ठाऊक नव्हती, पण पाच म्हणजे अर्धा हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मुठीत कापूस धरून किलोचे दहा वाटे करून दाखवले, त्यांतले पाच बाजूला केले. वहीतील ओळ खोडून १८ किलो ५०० ग्रॅम, १८५ रुपये असे लिहिले गेले. पुढचे तीन दिवस सकाळच्या सतरंजीवर आम्ही दुसरे काहीच केले नाही. तांदूळ, मीठ, साखर, सगळे त्या काट्यावर टांगून झाले. दशांश तिला पुन्हा शिकवावे लागले नाहीत, आणि दुसऱ्याचे पाच रुपये आपल्या चुकीने जाऊ शकतात हेही तिच्या मनात राहिले.

त्या संध्याकाळी तिने वावरात पाऊण तास घालवला होता. तिला दिवसभर वेचायला लावले असते तर वीस किलो कापूस आला असता आणि शिकणे काहीच झाले नसते. म्हणून आमचे नियम ठरलेले आहेत आणि ते नव्या पालकांनीही सुरुवातीपासून पाळावेत. सकाळचा अभ्यास कोणत्याही कामासाठी रद्द होत नाही. मुलांचे शेतावरचे काम दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसते आणि त्याच्या जोरावर मजूर कमी केला जात नाही. मुलगा आणि मुलगी यांची घरातील कामे दर महिन्याला अदलाबदल होतात, भांडीही आणि गोठाही. बालकामगार प्रतिबंधाच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली, आणि चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामाला हातभार लावायचा तो शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीतच, आणि धोक्याच्या कामात नाही, असे त्यात म्हटले आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला घंटा नसते, म्हणून त्याची शाळेची वेळ आपणच राखावी लागते.

फवारणीच्या बाबतीत कोणतीही सवलत ठेवू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस मुले वावरात जात नाहीत, औषधाचे रिकामे डबे घरात येत नाहीत आणि फवारणीचे कपडे मुलांकडून धुऊन घेतले जात नाहीत.

सहावी पायरी: सोबत

घरी शिकणाऱ्या मुलांना मित्र मिळतील का, ही शंका सर्वजण विचारतात. खेड्यात ती शहराइतकी मोठी नाही. पाच वाजता गावातील मुले शाळेतून येतात आणि त्या वेळी आमची मुले मैदानावर असलीच पाहिजेत, हा आमचा नियम आहे. पाच ते सात या वेळेत कोणतेही घरकाम त्यांना सांगितले जात नाही. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला दोघे आजोबांबरोबर जातात. तान्हा पोळ्याला धाकट्याने स्वतः रंगवलेला लाकडी बैल नेला होता. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गुरुजींच्या परवानगीने ती शाळेच्या झेंडावंदनाला उभी राहतात.

एक तयारी मात्र करून घ्यावी. बाजारात, एस.टी.त, लग्नात प्रत्येक जण मुलाला विचारतो, "आज शाळा नाही का?" उत्तर माहीत नसले की मूल आईच्या पदराआड जाते आणि आपले काही चुकते आहे असे त्याला वाटू लागते. "मी घरी शिकतो, सध्या गुणाकार चालू आहेत," एवढे साधे, खरे वाक्य त्याला पाठ असावे. मोठ्यांनी मुलासमोर त्यावर वाद घालू नये.

सातवी पायरी: नोंद, खर्च आणि बिघडलेले दिवस

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: आज काय झाले, काय अडले. लांब लिहायला घेतले की आठवड्यात ते बंद पडते. महिन्याच्या शेवटी मुलांच्या वह्यांतील चार पाने तारखेसह फाइलला लावावीत. गुरुजी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि सगळ्यांत अधिक म्हणजे आपले मन विचारते, तेव्हा ही पाने कामी येतात.

खर्चही त्याच वहीत शेवटच्या पानांवर मांडावा. आमचा मोठा खर्च इंग्रजीच्या शिकवणीचा आणि फोनच्या रिचार्जचा आहे. वह्या, रंग आणि तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी त्या मानाने किरकोळ आहे. पुढे परीक्षेची फी येणार असते, त्यासाठी आम्ही कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून थोडी रक्कम मुलीच्या पोस्टाच्या खात्यात टाकतो.

काही दिवस पूर्ण बिघडतात. कोणी आजारी पडते, गाय विते, मयतीला जावे लागते, किंवा काहीही कारण नसताना मूल वही उघडायला तयार होत नाही आणि आईचा आवाज चढतो. अशा दिवशी सतरंजी गुंडाळून ठेवावी आणि मोठ्याने एखादी गोष्ट वाचून तेवढ्यावर थांबावे. मात्र असे दिवस महिन्यात दहापेक्षा अधिक झाले तर वहीत ते दिसते, आणि तेव्हा वेळापत्रक पुन्हा मांडावे. सलग तीन महिने तीच स्थिती राहिली, मूल एकटे पडत असेल, आईची तब्येत ढासळत असेल किंवा अभ्यासाची वेळ कामाने खाऊन टाकली असेल, तर मुलाला शाळेत परत घालावे. ओळखीच्या एका घराने दीड वर्षानंतर तसेच केले. मुलगा वयाप्रमाणे सहावीत बसला आणि आज तो आनंदाने शाळेत जातो.

एप्रिलच्या बैठकीत आम्ही सर्वांत आधी मुलांना विचारतो. पुढचे वर्ष घरी शिकायचे की शाळेत जायचे, आणि का, हे ती स्वतःच्या अक्षरात त्याच वहीत लिहितात. मोठ्यांनी त्यानंतर बोलायचे असते. यंदा मुलीने लिहिले की तिला विज्ञानाचे प्रयोग करायला खरी प्रयोगशाळा हवी आहे. जूनपूर्वी ती कुठे मिळेल याचा शोध सध्या आम्ही घेत आहोत, आणि तालुक्याच्या एका शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी शनिवारी दुपारी येण्यास सांगितले आहे.